रोमन कांस्य नाणी ओळखायची आहेत: पाच नाणी, वजन-माप दिलं आहे

लेस्टरवासी

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये एका नाणे-मेळ्यात न साफ केलेल्या रोमन नाण्यांचा एक लॉट घेतला. विकणाऱ्याने 'बाल्कन भागातली, तिसरं-चौथं शतक' एवढंच सांगितलं. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून माती सुटल्यावर पाच नाण्यांवर थोडंफार वाचता येतंय. लेखातली रोमन अक्षरं एकेक करून देवनागरीत लिहितो.

नाणं १: १७ मिमी, १.६ ग्रॅम. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं तरुण डोकं, लेखात 'कॉन्स्टँटि...' आणि शेवटी एन-ओ-बी-सी. दुसऱ्या बाजूला दोन सैनिक, मध्ये एक निशाण. खाली एस-एम-के-ए.

नाणं २: २१ मिमी, ४.१ ग्रॅम. सैनिक घोड्यावरून पडणाऱ्या माणसाला भाला खुपसतोय. दर्शनी बाजूला 'कॉन्स्टँटिअस', शेवटी 'नोब केज'. डोक्यावर काहीच नाही, नुसते केस. खालची अक्षरं गेली आहेत.

नाणं ३: ३२ मिमी, २३.४ ग्रॅम. दाढीवाला, पानांचा मुकुट. '...निनस ऑग पायस...' आणि शेवटी 'कॉस' व तीन उभ्या रेघा. मागे उभी बाई, एका हातात तराजू, दुसऱ्यात शिंग. तिच्या दोन्ही बाजूंना मोठे एस आणि सी. कडेला एक जुना ओरखडा आहे, तिथे धातू पिवळा दिसतो.

नाणं ४: १८ मिमी, २.१ ग्रॅम. काटेरी किरणांचा मुकुट. मागे पेटलेली वेदी. दर्शनी बाजूला 'डिव्हो...'.

नाणं ५: १८ मिमी, २.४ ग्रॅम. शिरस्त्राण घातलेलं डोकं, मागे लांडगी आणि दोन मुलं, वर दोन तारे. खाली पी-सी-ओ-एन-एस-टी.

माझा अंदाज: १ आणि २ एकाच राजाची, कॉन्स्टँटिअस दुसरा. ५ कॉन्स्टँटिनोपलचं. पण ५ वर राजा कोण? आणि ३ चा राजा नक्की कोणता अँटोनिनस?

---

अपरान्त

वजन-माप आधी दिलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त फोटो टाकतात आणि 'राजा कोण?' विचारतात. झिजलेल्या कांस्य नाण्यावर चेहऱ्यावरून राजा ओळखायला जाऊ नये. चौथ्या शतकात तर चेहरे जवळपास एका साच्यातले आहेत. क्रम असा ठेवा: माप आणि वजन, मग मागची आकृती, मग खालच्या आडव्या रेघेखालची टाकसाळीची अक्षरं, मग दर्शनी लेखाचा शेवट, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर काय आहे ते. राजाचं नाव या पाचांतून आपोआप गाळून उरतं.

नाणं १. दोन सैनिक आणि निशाण म्हणजे 'ग्लोरिया एक्सर्सिटस', सैन्याचा गौरव. हा प्रकार इ.स. ३३० मध्ये सुरू झाला. ३३० ते ३३५ पर्यंत सैनिकांच्या मध्ये दोन निशाणं असायची आणि वजन साधारण अडीच ग्रॅम. ३३५ मध्ये वजन दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत उतरवलं आणि नवं-जुनं वेगळं कळावं म्हणून निशाण एकच केलं. म्हणजे तुमचं नाणं ३३५ नंतरचं. आता लेखाचा शेवट एन-ओ-बी-सी, म्हणजे 'नोबिलिसिमस सीझर', युवराज. महान कॉन्स्टंटाइन ३३७ च्या मे महिन्यात वारला आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला त्याचे तिघे मुलगे सीझरचे ऑगस्टस, म्हणजे पूर्ण सम्राट, झाले. त्यानंतर हा प्रकार चालू असेपर्यंत त्या नावाचा सीझर उरला नाही. म्हणून तुमच्या नाण्याला ३३५ ते ३३७ एवढीच जागा आहे. सूची न चाळता, नुसत्या निशाणांच्या मोजणीवरून आणि शेवटच्या चार अक्षरांवरून दोन वर्षांपर्यंत येता येतं.

पण कोणता मुलगा? 'कॉन्स्टँटि' पर्यंत वाचून थांबू नका. त्या वेळी तीन मुलगे एकाच वेळी सीझर होते आणि तिघांच्या नावाची सुरुवात सारखी:

कॉन्स्टंटाइन दुसरा: नावानंतर लगेच 'आय-व्ही-एन' येतं, म्हणजे ज्युनिअर. मग नोब सी.
कॉन्स्टँटिअस दुसरा: नावाच्या आधी 'एफ-एल आय-व्ही-एल' येतं, फ्लेव्हियस ज्युलियस. नावानंतर सरळ नोब सी.
कॉन्स्टन्स: नाव आखूड, 'टी' नंतर 'ए-एन-एस' वर संपतं. त्यात आय नाही.

चौथा दालमेशियस, त्यांचा चुलतभाऊ. त्याचं नाव डी वरून सुरू होतं, तो ३३५ ते ३३७ एवढाच सीझर होता आणि त्याची नाणी बरीच दुर्मीळ. लॉटमध्ये एक निशाणवाली आणखी नाणी असतील तर प्रत्येकाची सुरुवात बघा.

लेख घड्याळाच्या सातच्या जागी, म्हणजे खांद्याच्या डाव्या खालच्या बाजूला सुरू होतो आणि डोक्यावरून घड्याळाच्या दिशेने पाचच्या जागी संपतो. तुम्हाला सातच्या जागी काय दिसतं ते सांगा.

खालचं एस-एम-के-ए: 'सॅक्रा मोनेटा', म्हणजे राजाची टाकसाळ. के म्हणजे किझिकस, मार्मारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर, आजच्या तुर्कस्तानात. शेवटचं ए हे कारखान्यातल्या पहिल्या विभागाचं. अक्षरांच्या आधी किंवा नंतर ठिपका असेल तर तोही लिहून ठेवा, कारण त्यावरून खेप बदलते.

---

टाकसाळकर

अपरान्त यांनी पहिलं उलगडलं आहेच, दुसरं मी घेतो. इथे धागाकर्त्यांचा अंदाज चुकतोय आणि हीच चूक विक्रेत्यांच्या पाकिटांवरही वारंवार दिसते.

घोडेस्वाराला भाला खुपसणारा सैनिक म्हणजे 'फेल टेम्प रेपरॅशिओ', सुखाचे दिवस परत आले. ही मालिका ३४८ मध्ये सुरू झाली. तेव्हा कॉन्स्टँटिअस दुसरा ऑगस्टस होऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या या नाण्यांवर डोक्याला मोत्यांचा पट्टा असतो आणि लेख 'पी-एफ-ए-व्ही-जी' वर संपतो, त्यातलं ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. तुमच्या नाण्यावर डोकं उघडं आहे आणि शेवट 'नोब केज', म्हणजे तोच नोबिलिसिमस सीझर. ३४८ नंतर कॉन्स्टँटिअस नावाचा सीझर एकच: कॉन्स्टँटिअस गॅलस, पुढे सम्राट झालेल्या ज्युलियनचा सावत्र भाऊ. १५ मार्च ३५१ रोजी तो सीझर झाला आणि ३५४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. नाण्याची तारीख म्हणजे याच चार वर्षांतली. उघड्या डोक्याची दुसरी शक्यता ज्युलियन, पण त्याचं नाव वेगळं आहे आणि तो ३५५ च्या नोव्हेंबरमध्ये सीझर झाला.

वजनही जुळतं. सुरुवातीची मोठी 'पडणारा घोडेस्वार' नाणी साडेचार-पाच ग्रॅमची, नंतर ती घसरत घसरत अडीच ग्रॅमच्या आसपास आली. गॅलसची ४ ग्रॅमच्या पुढची नाणी सर्रास मिळतात.

टाकसाळ गेली असली तरी काम संपलेलं नाही. घोडेस्वाराची मुद्रा बघा: तो घोड्याच्या मानेला मिठी मारतोय, मागे वळून हात वर करतोय की घोड्यावरून खाली कोसळलाय? डोक्यावर टोपी आहे की केस उघडे? सैनिकाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागेत एखादं अक्षर, उदाहरणार्थ गॅमा, आहे का? ही तीन लक्षणं नोंदवली की टाकसाळींची यादी चार-पाचवर येते. चांगल्या सुचींमध्ये हे नमुने असेच वेगळे मांडलेले असतात.

नाणं ५ वर राजा नाही. शिरस्त्राण घातलेली ती रोम नगरी स्वतः, आणि लेख 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम शहर, असा असतो (नाण्यावर यू च्या जागी व्ही). ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा अधिकृत आरंभ झाला, तेव्हा दोन शहरांच्या नावे ही जोडी काढली: रोमसाठी लांडगी आणि जुळे, कॉन्स्टँटिनोपलसाठी जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता. २.४ ग्रॅम म्हणजे ३३५ च्या आधीची खेप, वर निशाणांबद्दल सांगितलं तोच वजनाचा हिशोब इथेही लागतो.

पी-सी-ओ-एन-एस-टी मात्र कॉन्स्टँटिनोपल नव्हे. हे दक्षिण गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं, आर्ल. ३२७-२८ च्या सुमारास त्या शहराचं नाव कॉन्स्टँटिना केलं गेलं आणि टाकसाळीची अक्षरं बदलली. ओळखायची खूण सोपी: पश्चिमेकडच्या टाकसाळी विभागाचा क्रम लॅटिन अक्षराने आणि बहुधा पुढे लावतात, पी म्हणजे प्रिमा, एस म्हणजे सेकुंडा. पूर्वेकडच्या टाकसाळी ग्रीक अक्षर शेवटी लावतात: ए, बी, गॅमा, डेल्टा. म्हणून पुढे पी असलेलं 'कॉन्स्ट' ते आर्ल, आणि 'कॉन्स' च्या शेवटी गॅमा किंवा डेल्टा असेल तर ते कॉन्स्टँटिनोपल. लांडगीच्या वर दोन ताऱ्यांच्या मध्ये काही चिन्ह दिसतंय का तेही बघा. आर्लमध्ये खेप वेगळी करायला अशी चिन्हं घालत.

टाकसाळीवरून काळ कसा गाळता येतो त्याचं एक उदाहरण देतो, कारण इंग्लंडमध्ये हे उपयोगी पडेल. लंडनची टाकसाळ ३२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे 'पी-एल-ओ-एन' असलेलं कांस्य नाणं कोणी ग्लोरिया एक्सर्सिटस म्हणून विकत असेल तर वाचनात नक्की गडबड आहे, ती अक्षरं बहुधा पी-एल-जी, म्हणजे लिऑं, असतात.

---

लेस्टरवासी

दोघांचेही मनापासून आभार. नाणं १ वर सातच्या जागी 'एफ-एल-आय-व्ही' इतकं स्पष्ट आहे, त्यापुढे चिकटलेली माती. म्हणजे कॉन्स्टँटिअस दुसरा, सीझर असताना, बरोबर?

नाणं २ वर स्वाराच्या डोक्यावर टोकदार टोपी आहे, तो घोड्याच्या मानेला धरून आहे आणि सैनिकाच्या डावीकडे मोकळ्या जागेत काहीतरी उभी रेघ आणि वरून आडवी दिसते.

नाणं ५ वर दोन ताऱ्यांच्या मध्ये गोलसर काहीतरी आहे, पण नक्की सांगता येत नाही. ते मऊ ब्रशने साफ करू का? की लिंबू-मिठाच्या पाण्यात एक बुडी?

---

मृद्गंध

लिंबू नको! चिंच नको, व्हिनेगर नको, पितांबरी तर अजिबात नको. घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण आम्लाने लख्ख करतो, कारण भांड्याचा आकार धातूत असतो. सतराशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याचा आकार मात्र बऱ्याचदा धातूत नसतो, तो वरच्या थरात असतो. बाहेरचा हिरवा थर म्हणजे तांब्याचे कार्बोनेट, मॅलकाइट. त्याखाली तांबूस थर क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. मूळ पृष्ठभाग, राजाचे केस, लेखाची अक्षरं, सगळं या थरांत साठलेलं आहे. लिंबातलं सायट्रिक आम्ल हे थर विरघळवतं आणि खाली खडबडीत, खड्डे पडलेला गुलाबी धातू उरतो. एकदा गेलेला लेख परत येत नाही.

करायचं ते हळू करा. ऊर्ध्वपातित पाणी, रोज बदलायचं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतात. माती सुटेना तर नाणं ओलं असताना बांबूची काडी किंवा दात कोरण्याची लाकडी काडी वापरा, धातूची सुई नको. भिंगाखाली काम करा, कमीत कमी दहा पट मोठं दिसलं पाहिजे. काडी आडवी धरून खरवडा, टोक खुपसू नका. लाकूड हिरव्या थरापेक्षा मऊ आणि मातीपेक्षा पुरेसं कडक असतं, म्हणून माती निघते आणि थर राहतो. नाणं ५ वरच्या ताऱ्यांमध्ये अगदी एवढंच करा. दोन तारे आणि मधला भाग मिळून काही मिलिमीटरच जागा आहे, त्यासाठी सबंध नाण्याला हात लावायची गरज नाही.

ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने भिजवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचाल. माझं मत विरोधात आहे. तेलात थोडं मुक्त आम्ल असतंच, ते सावकाश थर खातं, आणि तेल थरात मुरल्यावर पुढे मेण किंवा दुसरा उपचार नीट बसत नाही.

आता लॉटमधल्या सगळ्या नाण्यांवर फिकट हिरवी, पिठासारखी ठिपकेदार पूड आहे का बघा. कडक, गुळगुळीत, गडद हिरवा थर चांगला, काडीने खरवडला तरी निघत नाही. फिकट, मोकळी, बोटाला लागणारी पूड म्हणजे नाण्याला रोग लागला आहे. धातूत अडकलेला कुप्रस क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी आणि ऑक्सिजनशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतो, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि त्यातून पुन्हा क्लोराइड. ओलावा असेपर्यंत हे चक्र थांबत नाही. शंका असेल तर नाणं एका झाकणाच्या डबीत ओल्या कापसाशेजारी (स्पर्श न होता) एक-दोन दिवस ठेवा. पूड परत फुटली तर रोग नक्की.

तसं नाणं आधी वेगळं करा. पूड काडीने काढा, ५ टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात काही आठवडे, द्रावण बदलत बदलत, मग ऊर्ध्वपातित पाण्यात धुवा, मग ॲसिटोनने पाणी काढून सुकवा. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. बेन्झोट्रायझोल वापरतात, पण ते विषारी आहे. हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

ठेवताना पीव्हीसीची मऊ पारदर्शक पाकिटं नकोत, त्यातून क्लोराइड सुटतात आणि नाणं चिकट हिरवं होतं. मायलरची चालतात. बंद डब्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. ही नाणी कधी मुंबईला किंवा कोकणात नेलीत तर पावसाळ्यात डब्याच्या बाहेर ठेवू नका. तिकडच्या जून-जुलैच्या हवेत सुप्त रोग हमखास जागा होतो.

---

अपरान्त

नाणं १ बद्दल होय: कॉन्स्टँटिअस दुसरा, सीझर, किझिकस, ३३५ ते ३३७. फक्त खात्रीसाठी नाव आणि नोब यांच्या मध्ये आय-व्ही-एन नाही ना ते बघा. सुरुवातीचं एफ-एल-आय-व्ही आणि मधलं काही नसणं, दोन्ही जुळायला हवं.

नाणं २ च्या मोकळ्या जागेतली रेघ बहुधा गॅमा आहे. ती वेगळी नोंदवा, विभागाच्या अक्षराशी मिसळू नका. मोकळ्या जागेतलं अक्षर खेपेचं असतं, विभागाचं अक्षर खाली रेघेखाली असतं.

आता नाणं ३. ३२ मिमी आणि २३ ग्रॅम म्हणजे सेस्टर्शिअस. एस-सी म्हणजे सिनेटच्या ठरावाने, आणि ही अक्षरं सुरुवातीच्या साम्राज्यातल्या कांस्य-पितळ नाण्यांवर असतात. ओरखड्यात पिवळा धातू दिसतो तो ओरिकॅल्कम, तांबं आणि जस्त, म्हणजे आपलं पितळच. त्याच पितळेचा डुपॉन्डिअस साधारण १२-१३ ग्रॅम आणि २७ मिमीचा, आणि 'अ‍ॅस' तांब्याचा, दहा-अकरा ग्रॅमचा. डुपॉन्डिअस आणि अ‍ॅस मापाने जवळजवळ सारखे, म्हणून नीरोच्या काळापासून डुपॉन्डिअसवर किरणांचा मुकुट येतो, अ‍ॅसवर पानांचा. धातूचा रंग बघायला नवीन ओरखडा पाडू नका, तुमच्याकडे जुना आहे तेवढा पुरे.

राजा कोण? 'अँटोनिनस' हे नाव निदान पाच जणांनी वापरलं: अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कमोडस, कॅराकॅला, एलॅगाबालस. म्हणून पायस आणि ऑग (ऑगस्टस) यांचा क्रम बघायचा. अँटोनिनस पायसच्या नाण्यावर 'ऑग पायस', म्हणजे ऑग आधी. कॅराकॅला आणि एलॅगाबालसच्या नाण्यांवर 'पायस ऑग', म्हणजे ऑग नंतर. तुम्ही 'ऑग पायस' वाचलं आहे, त्यामुळे तो अँटोनिनस पायसच. मार्कसही कॉस (म्हणजे कॉन्सल, रोमचं सर्वोच्च पद) तीन वर आहे, पण तो नावानंतर 'पायस' लावत नाही आणि त्याची उत्तरकाळातली दाढी लांब, कुरळी असते.

पायस तिसऱ्यांदा कॉन्सल झाला इ.स. १४० मध्ये, चौथ्यांदा १४५ मध्ये. कॉसपुढे तीनच रेघा असतील तर नाणं १४० ते १४४ मधलं. चौथी रेघ झिजून गेली नाही ना, हे तिरप्या उजेडात तपासा, नाहीतर तारीख १४५ ते १६१ होते. एवढ्या एका रेघेवर बरंच अवलंबून आहे.

मागची बाई तराजू आणि समृद्धीचं शिंग धरून आहे. ती इक्विटास असू शकते किंवा मोनेटा. दोघींची मुद्रा हुबेहूब एकच, लेख नसेल तर फरक करता येत नाही. लेखाचं एखादं अक्षर शिल्लक असेल तर ते इथे कामाचं: कुठेही एम दिसला तर मोनेटाकडे झुकतं. बाकी उभ्या बायकांसाठी हातातली वस्तू पाहा. सुकाणू म्हणजे फॉर्च्युना, सापाला खाऊ घालणारी सॅलस, एका हाताने वस्त्र उचलून दुसऱ्यात फूल धरलेली स्पेस, टोपी धरलेली लिबर्टास, दोन्ही हातांत निशाणं असतील तर फिडेस. पंख दिसले की बहुधा व्हिक्टोरिया.

---

पाषाणशोध

नाणं ४ वर अजून कोणी बोललं नाही. 'डिव्हो' आणि पेटलेली वेदी म्हणजे 'डिव्हो क्लॉडिओ', मागे 'कॉन्सेक्राशिओ'. क्लॉडिअस दुसरा गॉथिकस इ.स. २७० मध्ये साथीच्या रोगाने वारला, त्याला देवत्व दिल्यावर ही नाणी पाडली. मूल्यानुसार हा अँटोनिनिआनस. किरणांचा मुकुट बघून डुपॉन्डिअस समजू नका. डुपॉन्डिअस १२ ग्रॅमचा, हा दोन-तीन ग्रॅमचा. कॅराकॅलाने २१५ मध्ये ही जात चांदीत सुरू केली, पण २७० पर्यंत त्यात चांदी नावापुरती उरली होती.

या नाण्याच्या नकला त्याच काळात अमाप झाल्या, गॉल, ब्रिटन, उत्तर आफ्रिका. २.१ ग्रॅम हलकं आहे, मी ते त्याच काळची नक्कल म्हणून नोंदवेन.

---

टाकसाळकर

पाषाणशोध, केवळ २.१ ग्रॅमवर नक्कल ठरवायला मी तयार नाही. डिव्हो क्लॉडिओची अधिकृत नाणीसुद्धा वजनाला बरीच सैल आहेत, आणि जमिनीत राहून झीज आणि क्षरणाने वजन आणखी उतरतं. नक्कल ठरते ती कारागिरीवरून. लेखात अक्षरांऐवजी नुसत्या उभ्या रेघा आहेत का? वेदीचे चौकोन वाकडेतिकडे आणि वरची ज्योत तीन-चार काड्यांसारखी आहे का? किरण मुकुटाला जोडलेले आहेत की डोक्यातून सुटे निघतायत? तबकडी लहान असून ठसा तिच्याबाहेर गेला आहे का? यातलं दोन-तीन असेल तर नक्कल. नकला बहुधा आणखी लहान, १२ ते १६ मिमी असतात. लेस्टरवासींचं नाणं १८ मिमीचं आहे, त्यामुळे मी अजून अधिकृताच्या बाजूला आहे.

---

पाषाणशोध

मान्य. १८ मिमीचा मुद्दा योग्य आहे. लेखाचा जवळून फोटो आल्यावरच ठरवू.

फोटोबद्दल एक: एकच दिवा, नाण्याच्या पातळीपासून थोडासाच वर, डाव्या बाजूने. वरून फ्लॅश मारला तर झिजलेला लेख सपाट दिसतो. एकाच जागी नाणं ठेवून दिवा चार बाजूंनी फिरवत चार फोटो काढा. एका बाजूने न दिसणारं अक्षर दुसऱ्या बाजूने उठून दिसतं. दोन्ही बाजूंच्या फोटोत मापपट्टीही ठेवा.

---

लेस्टरवासी

फोटो रात्री काढतो. दोन प्रश्न राहिले: एवढं कळल्यावर नाण्याचा सूचीतला नेमका क्रमांक कुठे शोधायचा, आणि ही नाणी पुढे पुण्याला नेता येतील का?

---

अपरान्त

क्रमांकासाठी 'रोमन इंपिरियल कॉइनेज' ही मालिका प्रमाण मानतात, तिचंच लघुरूप आरआयसी. तिच्यावर आधारलेला ऑनलाइन संग्रह 'ओसीआरई' अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी चालवते, तो मोफत आहे. त्यात राजाऐवजी आधी टाकसाळ आणि मागचा लेख भरून शोधा, नंतर राजा. म्हणजे अर्धवट वाचनावरही यादी लहान होते. संग्रहातले फोटो बघून मागच्या लेखाचे शब्द कुठे तोडले आहेत तेही जुळवा, कारण एकाच लेखाचे दोन तोड दोन वेगळे क्रमांक असू शकतात. ग्रीक अक्षरांत लेख असलेलं नाणं लॉटमध्ये निघालं तर ते तिथे सापडणार नाही. ते साम्राज्याचं नव्हे, प्रांताचं नाणं, त्याची सूची वेगळी.

पुण्याचा विचार करताना भारताचा १९७२ चा पुरावस्तू कायदा ध्यानात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि भारतातून बाहेर नेणं खाजगी माणसाला बंद आहे. म्हणजे पुढे परत इंग्लंडला न्यायचा विचार असेल तर नाणी तिथेच ठेवा. आत नेताना खरेदीची पावती जवळ ठेवा आणि कस्टमला जाहीर करा. पावतीवर नाण्यांचं मूळ ठिकाण लिहून घेता आलं तर उत्तम. बाल्कन देशांतून उत्खननाचा माल बऱ्याचदा बेकायदा, परवान्याशिवाय बाहेर येतो, त्यामुळे पुढचा लॉट घेताना विक्रेत्याला परवान्याबद्दल विचारा आणि उत्तर गुळमुळीत असेल तर घेऊ नका.

---

मृद्गंध

भारतातल्या वाचकांसाठी जोडतो: कोणी 'शेतात सापडलेलं रोमन नाणं' म्हणून विकायला आणलं तर घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शिवाय तमिळनाडूत करूर-मदुराईकडे आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली हीच लहान कांस्य नाणी खरोखर सापडतात. नाणं कुठल्या थरातून, कुठल्या भांड्यासोबत आलं ही नोंद गेली की त्याचा अर्धा उपयोग गेला. महाराष्ट्रात तसं नाणं सापडलं तर जागेचा फोटो काढून हात न लावता कळवा, धुऊ नका.

लेस्टरवासी, नाणं ५ वर काडी फिरवताना आधी कडेच्या मोकळ्या जागेत थोडं करून बघा. हिरवा थर सुटायला लागला तर थांबा आणि फोटो इथे टाका.